एका दरीवरच्या दोन लिफ्ट आणि आपला राजगड

राजगडावर रोपवे होणार अशी बातमी फिरायला लागली की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एकीकडे माझा मावसभाऊ आणि त्याची ट्रेकवाली मंडळी, त्यांचं म्हणणं एकच, गड पायानेच चढायचा, ज्याला जमत नाही त्याने पायथ्याशी डोकं टेकवून परत जावं. दुसरीकडे मावश्या, काका आणि माझी आई, ज्यांनी जन्मभर पुस्तकात राजगड वाचला, पोरांना शिकवला, आणि आता कुठे वेळ मिळाला तर गुडघे साथ देत नाहीत. मी जर्मनीत, ब्राउनश्वाइगला राहते, त्यामुळे मी मधे काही लिहिलं की लगेच उत्तर येतं, तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस. हा राग मला कळतो. रविवारी गडावरच्या बाटल्या पोत्यात भरून खाली आणतो तो माझा भाऊ, मी नाही. तरीपण लिहितेय, कारण इथून गाडीने तासाभरावर एक दरी आहे, तिच्या दोन्ही काठांवर एकेक लिफ्ट जाते, आणि दोन्हीकडे वर जे झालंय ते अगदी वेगवेगळं आहे. ते बघितल्यापासून मला वाटायला लागलंय की आपण घरी ज्याच्यावर भांडतोय तो मुळात अर्धाच प्रश्न आहे.

गावाचं नाव टाले. हार्त्स डोंगररांगेच्या कडेला, पूर्वीच्या पूर्व जर्मनीत. बोडे नावाची नदी ग्रॅनाइट कापत डोंगरातून बाहेर पडते ती इथे, आणि ती बाहेर पडते तिथेच दोन कडे समोरासमोर उभे आहेत. एकाचं नाव रोसट्राप्पे, दुसऱ्याचं हेक्सनटांत्सप्लात्स, म्हणजे चेटकिणींच्या नाचाची जागा. रोसट्राप्पे समुद्रसपाटीपासून 403 मीटर, म्हणजे 1,400 मीटरच्या आसपासच्या राजगडापुढे टेकडीच म्हणायची, पण नदीपासून जवळजवळ 200 मीटर सरळ उभा आहे आणि टोकावर जाऊन खाली बघितलं की पोटात गोळा येतो. इथली लोककथा अशी की ब्रुनहिल्डे नावाची राजकन्या नको असलेल्या लग्नातून घोड्यावरून पळाली, बोडो नावाचा दांडगा माणूस तिच्या मागे लागला, तिने समोरच्या कड्यावरून घोड्यासकट दरीपार उडी टाकली आणि घोड्याचा खूर या दगडात उमटला. बोडो दरीत पडला, नदीला त्याचं नाव मिळालं. तो खुराचा खड्डा कड्यावर आजही दाखवतात, त्यात पावसाचं पाणी साठतं. दरी 1937 पासून राखीव आहे. खाली नदीकाठाने टालेहून ट्रेझेबुर्गला जाणारी साधारण दहा किलोमीटरची पायवाट आहे, तिथे गाडीरस्ता नाही, लिफ्ट नाही, काही नाही, फक्त चालायचं.

म्हणजे एकाच दरीत तीन प्रकार. हेक्सनटांत्सप्लात्सला बंद डब्यांची केबलकार, ती 1970 ची. रोसट्राप्पेला उघड्या खुर्च्यांची चेअरलिफ्ट, तीही पूर्व जर्मनीच्याच काळातली. आणि तळाला नुसती पायवाट.

आई मागच्या उन्हाळ्यात आली होती तेव्हा तिला चेअरलिफ्टने नेलं. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, साडी नेसून खाली स्पोर्ट्स शूज, हातात काठी. या लिफ्टमध्ये दोर सारखा फिरत असतो, खुर्ची काही तुमच्यासाठी थांबत नाही, जमिनीवरच्या खुणेवर उभं राहायचं, खुर्ची मागून येते आणि गुडघ्याच्या मागे लागली की बसायचं. मलाच धाकधूक. तिथल्या माणसाने आईकडे एकदा बघितलं, काही न बोलता लिफ्टचा वेग कमी केला, काठी माझ्या हातात दिली, एका हाताने खुर्ची धरली आणि दुसऱ्या हाताने आईचा दंड, आई बसली, त्याने पुढचा दांडा खाली ओढला, वेग परत वाढवला. सगळं मिळून दहा सेकंद. मग आम्ही झाडांच्या शेंड्यांवरून चाललो होतो, पायाखाली बीच आणि ओक, खांब आला की चाकांचा खडखड आवाज, नाहीतर एकदम शांत. आईने पदर खोचून घेतला होता आणि एका हाताने माझं मनगट धरलं होतं. अर्ध्यावर गेल्यावर म्हणाली, "एवढंच होय? मी तर डोळे मिटून बसायची तयारी केली होती."

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. ही लिफ्ट कड्यापर्यंत जात नाही. वर जिथे उतरतो तिथून कड्याच्या टोकापर्यंत दहा-पंधरा मिनिटं जंगलातून चालायचं असतं, मुळं, दगड, शेवटी उघडा खडक आणि लोखंडी रेलिंग. आईला अर्धा तास लागला, मधे ती बाकावर दोनदा बसली, पण गेली. टोकाला उभी राहिली, समोरचा कडा बघितला, खालची नदी बघितली, आणि परत येताना म्हणाली, "शेवटचं तरी माझ्या पायाने चालले." माझ्या भावाचं गड पायाने चढण्याचं जे म्हणणं आहे ना, त्यातलं जे खरं आहे ते मला त्या वाक्यात सापडलं. चालून पोचण्यात काहीतरी आहे, ते मी नाकारत नाही, पण ते सगळ्यांना सारख्या उंचीवरून सुरू करायला लावलं पाहिजे असं कुठे आहे? सत्तरीतल्या बाईला शेवटची पंधरा मिनिटं ठेवा, पंचविशीतल्या पोराला पूर्ण डोंगर आहेच, तो मार्ग कोणी बुजवलेला नाही. अर्थात व्हीलचेअरवरच्या माणसाला ही लिफ्ट आणि ही वाट दोन्ही उपयोगाची नाहीत, तेही तितकंच खरं.

आणि लिफ्ट मागे थांबल्यामुळे कडा मोकळा राहिलाय. वरच्या थांब्याच्या आसपास खाण्यापिण्याची सोय आहे, पार्किंग आहे, पण टोकावर दगड, रेलिंग आणि माणसं, बास. आता दरीपलीकडे या. हेक्सनटांत्सप्लात्सवर केबलकारही जाते आणि गाडीरस्ताही जातो, वर भलंमोठं पार्किंग, प्राणिसंग्रहालय, घसरगाडी, चेटकिणींच्या बाहुल्यांची दुकानं, सॉसेज आणि बिअर. 30 एप्रिलच्या रात्री चेटकिणींचा उत्सव असतो तेव्हा तर हजारो लोक. 1903 साली बांधलेलं उघड्यावरचं नाट्यगृह आहे तिथे, ते मात्र फार सुंदर आहे, तिथे बसून नाटक बघताना मागे मैलोन्मैल सपाट प्रदेश दिसतो. माझ्या पोरांना हीच बाजू आवडते आणि ते बरोबरच आहे, पोरांना घसरगाडी आवडणारच. पण तिथे गेल्यावर कडा बघायला आलोय हे विसरायला होतं. यंत्र जवळजवळ तेच, गाव तेच, दरी तीच, तरी एकीकडे कडा शिल्लक आहे आणि दुसरीकडे जत्रा आहे. फरक रोपवेने पाडलेला नाही, वर काय बांधायचं, गाड्या कुठवर येऊ द्यायच्या आणि लोकांना कुठे उतरवायचं, याने पाडलाय. आपल्याकडे वाद होतो तो फक्त दोर टाकायचा की नाही एवढ्यावर.

आता घरचं बघू. रायगडला 1996 पासून रोपवे आहे, खालचा थांबा हिरकणीवाडीला. ज्या कड्यावरून हिरकणी तान्ह्या बाळासाठी अंधारात उतरली म्हणतात, त्या कड्याच्या बाजूने आज म्हातारीकोतारी माणसं काही मिनिटांत वर जातात. रायगडाचं पावित्र्य त्याने गेलं असं मला नाही वाटत. तिथे समाधीपुढे हात जोडून रडणारी म्हातारी माणसं मी बघितलीत, आणि ती पायऱ्यांनी कधीच पोचली नसती. रायगडला हे चालून गेलं याचं एक कारण म्हणजे गडमाथा ऐसपैस आहे, बाजारपेठ, होळीचा माळ, जगदीश्वर, माणसं पसरतात. शिवाय ते डबे छोटे, एका वेळी थोडीच माणसं वर येतात, सुट्टीच्या दिवशी खाली रांग लागते तेव्हा लोक वैतागतात, पण ती रांगच गडाला वाचवतेय.

राजगडाचं तसं नाही, आणि म्हणून राजगडाच्या बाबतीत मी भावाच्या बाजूने आहे, पूर्णपणे. राजगड म्हणजे तीन माच्या आणि मधे बालेकिल्ला. सुवेळा आणि संजीवनी या माच्या किती अरुंद आहेत ते जो चाललाय त्याला माहीत आहे, नेढ्यापाशी, म्हणजे खडकातल्या आरपार भोकापाशी, पाचपन्नास माणसं झाली तरी गर्दी वाटते. बालेकिल्ल्याची वाट तर खडकात खोदलेल्या पायऱ्यांची, जाणारा आणि येणारा एकमेकांना अंग चोरून वाट देतात. आता साधा हिशेब करा. दोन माणसांची खुर्ची दर पंधरा सेकंदांनी सुटली तर मिनिटाला आठ माणसं, तासाला जवळजवळ पाचशे. हे सगळ्यात साध्या लिफ्टचं गणित, मोठ्या डब्यांचं याच्या कितीतरी पुढे जातं. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत दोन हजार माणसं पद्मावती माचीवर आणून सोडली तर ती जाणार कुठे? बालेकिल्ल्याकडेच जाणार. मग रेलिंग लावा, मग वाट रुंद करा, मग खडक फोडा. पाणी तळ्यातलं आणि टाक्यांतलं, संडास किती लागतील, मैला खाली कसा आणणार, याचं उत्तर मी अजून कुठल्याच बातमीत वाचलेलं नाही. खर्च किती, वेळ किती वाचणार, पर्यटन किती वाढणार, एवढंच असतं.

सिंहगडाचं मात्र मी उलट म्हणेन. तिथे वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, रविवारी घाटात गाड्यांची रांग, दुचाक्या, हॉर्न, पावसात दरड. गर्दी तर आधीच वर पोचलेली आहे, तीसुद्धा प्रत्येकी एक गाडी घेऊन. 2022 साली ई-बस सुरू केल्या होत्या, कल्पना चांगली होती, पण थोड्याच दिवसांत बंद पडल्या. तिथे रोपवे आला आणि ज्या दिवशी तो सुरू होईल त्याच दिवशी खाजगी गाड्यांना घाट बंद झाला, तर मी आनंदाने पाठिंबा देईन. ही अट महत्त्वाची आहे. रस्ताही चालू आणि रोपवेही चालू असं झालं तर गर्दी दोन्हीकडून येणार आणि आपला सिंहगड म्हणजे दुसरा हेक्सनटांत्सप्लात्स होणार. टालेला एक गोष्ट फार सोयीची आहे, रेल्वे स्टेशनपासून लिफ्टचा खालचा थांबा चालत काही मिनिटांवर आहे, आम्ही पोरांना घेऊन बऱ्याचदा गाडी न काढता ट्रेननेच जातो. स्वारगेटहून बस आणि बस उतरल्यावर लगेच रोपवे, असं कोणी आखलं तर पुणेकर गाडी घरी ठेवतील, नाहीतर पायथ्यालाच पार्किंगसाठी आणखी एक टेकडी सपाट करावी लागेल.

ग्रुपवर एक मुद्दा नेहमी येतो की परदेशात बघा, आल्प्समध्ये डोंगराडोंगरावर रोपवे आहेत, तिथे कोणी ओरडत नाही. हे साफ चूक आहे, इथे भरपूर ओरडतात. याच हार्त्समध्ये शिर्के गावाजवळ विंटरबर्ग डोंगरावर रोपवेचा प्रकल्प निघाला होता, संरक्षित दलदलीचं जंगल मधे येतंय म्हणून तो वर्षानुवर्षं अडकून पडला, गावातले लोक रोजगारासाठी हवा म्हणत होते आणि पर्यावरणवाले नको म्हणत होते, अगदी आपल्यासारखंच. आपल्याकडे नाशिकला ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या रोपवेला गिधाडांच्या घरट्यांवरून विरोध झाला, तो ऐकताना मला शिर्केच आठवलं. गिधाडांचा मुद्दा काही लोक हसण्यावारी नेतात त्याचं मला फार वाईट वाटतं. सह्याद्रीत गिधाडं किती उरलीत? कडा गेला की त्यांना दुसरं घर नाही.

किल्ला आणि रोपवे हाच वाद बघायचा असेल तर कोब्लेंट्सचं उदाहरण घ्या. ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांच्या संगमावरचं गाव, समोर उंचावर एहरनब्राइटश्टाइनचा किल्ला. 2011 च्या बागप्रदर्शनासाठी नदीवरून किल्ल्यावर केबलकार टाकली. पण तो ऱ्हाइनचा पट्टा युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे केबलकार ठरावीक वर्षांनी काढून टाकायची अशी अट होती. लोकांना ती इतकी आवडली की काढू नका म्हणून सह्यांची मोहीम झाली, आणि 2013 मध्ये जागतिक वारसा समितीने मुदत 2026 पर्यंत वाढवली. मला यातलं आवडतं ते हे की बांधतानाच काढण्याचा विचार झाला होता. आणि युनेस्को नुसती धमकी देते असं ज्यांना वाटतं त्यांनी ड्रेस्डेनचं बघावं, एल्बेच्या खोऱ्यात पूल बांधायचाच म्हणून शहर हटून बसलं आणि 2009 मध्ये त्या खोऱ्याचं नाव यादीतून काढलं गेलं. आपले बारा किल्ले 2025 च्या जुलैमध्ये त्या यादीत गेले, त्यात रायगडही आहे आणि राजगडही. त्या दिवशी आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. आता त्याच राजगडावर खांब उभे करायचे असतील तर आधी जागतिक वारसा समितीपुढे नीट मांडणी करावी लागणार, हे निदान सरकारने लोकांना स्पष्ट सांगावं.

सुरक्षेचं थोडं. उघड्या खुर्च्यांची लिफ्ट सह्याद्रीत चालणार नाही, हे मी चेअरलिफ्टची चाहती असूनही म्हणतेय. इथे जोराचा वारा सुटला किंवा वीज कडकडली की लिफ्ट बंद, आणि आपल्याकडे गडावर सगळ्यात जास्त गर्दी होते ती नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये, ढगात आणि वाऱ्यात. 2024 च्या जुलैमध्ये रायगडच्या पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा कसा आला ते आपण सगळ्यांनी बघितलं. बंद डबे असले तरी वाऱ्यात ते थांबवावेच लागतात, आणि थांबवण्याची हिंमत असलेला माणूस तिथे हवा, समोर पाचशे माणसांची रांग आणि मागे कंत्राटदार असताना सुद्धा. देवघरच्या त्रिकूट डोंगरावर 2022 मध्ये लोक चाळीसेक तास अधांतरी लटकले आणि तीन जण गेले. युरोपात सगळं चोख असतं असंही नाही, 2021 मध्ये इटलीत स्ट्रेसाजवळ केबलकार कोसळून 14 जण गेले, आणि नंतर कळलं की इमर्जन्सी ब्रेक मुद्दाम निकामी करून ठेवला होता, कारण तो सारखा लागत होता आणि गाडी थांबत होती. धंदा बुडू नये म्हणून. म्हणून तपासणीचे रिपोर्ट तिकीट खिडकीवर लावलेले असावेत असं मला मनापासून वाटतं.

राहिला रोजगार, ज्याच्यावर आमच्या ग्रुपवर कोणीच बोलत नाही. टाले हे मुळात लोखंडाच्या कारखान्याचं गाव, एनॅमलची भांडी इथली प्रसिद्ध, पूर्व जर्मनीच्या काळात हजारो माणसं तिथे कामाला होती. 1990 नंतर ते सगळं आटलं आणि गावाला पर्यटनाचा आधार लागला. तेव्हा रोपवे नकोच म्हणणारा शहरातला माणूस आणि रोपवेवर नोकरी शोधणारा गावातला माणूस यांचं जगणं सारखं नसतं, हे मी ट्रेकवाल्यांनाही सांगते. पण त्याच वेळी सिंहगडावर डोक्यावर मडकी घेऊन दही-ताक विकायला चढणाऱ्या बाया, रायगडला म्हाताऱ्यांना डोलीतून नेणारे लोक, यांचं काय होणार? वरच्या थांब्यावर चकाचक फूड कोर्ट काढून तो एकाच कंपनीला दिला तर पिठलं-भाकरी करणारी बाई चार वर्षांत हद्दपार. हे कंत्राटात आधी लिहून घेता येतं, गाळे कोणाला, भाडं किती, घेऱ्यातल्या गावांतली किती माणसं कामावर.

भावाने पाठवलेल्या राजगडच्या विरोधाच्या अर्जावर मी सही केली. सिंहगडच्या नाही केली, आणि दोन्हीची कारणं ग्रुपवर लिहिली, त्यावर दोन दिवस भांडण झालं आणि ते चांगलंच झालं, कारण पहिल्यांदाच मावशीने विचारलं की वरचा थांबा नक्की कुठे येणार आहे. केंद्र सरकारच्या रोपवे बांधायच्या पर्वतमाला योजनेत राज्यातल्या चाळीसेक ठिकाणांची नावं फिरतायत, त्या प्रत्येकासाठी हाच प्रश्न विचारायला हवा. टेंडर निघण्याआधी पायथ्याच्या गावात ग्रामसभा घ्या, भिंतीवर नकाशा लावा, त्यावर वरच्या थांब्याची जागा, तासाला किती माणसं, रस्त्याचं काय करणार आणि वर काय काय बांधणार हे मराठीत लिहा, आणि लोकांना बोलायला महिनाभर द्या.